आमचं चाळीस खाटांचं रुग्णालय ‘आभा’ला जोडलं, त्याचे दहा महिने

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक रुग्णालय आहे. चाळीस खाटा, रोजची शंभर-सव्वाशेची ओपीडी आणि एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत एकच सर्व्हर. तिथलं सॉफ्टवेअर मी २०१४पासून सांभाळते. हे रुग्णालय आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडायचं काम मे २०२३मध्ये हाती घेतलं आणि ते मार्च २०२४मध्ये पुरं झालं. पेशंटचे कागद त्याच्या संमतीने एका दवाखान्यातून दुसऱ्यात डिजिटल रूपात पोचवायची ही केंद्र सरकारची योजना, आणि ‘आभा’ हा तिच्यातला पेशंटचा ओळख क्रमांक. आधी कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझे दोन-तीन महिने वाचले असते. म्हणून आठवतंय तोवर सगळं क्रमाने लिहून काढते.

सुरुवात झाली ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीने. आमच्याकडचा पेशंट जरा गंभीर झाला की मिरजेला नाहीतर कोल्हापूरला जातो. जाताना पिशवीत कोंबलेले कागद नेतो आणि परत येतो तेव्हा त्यातले निम्मे गायब असतात. मुख्य डॉक्टर, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी अशी एक पिशवी माझ्यासमोर टेबलावर रिकामी केली. तीन वर्षांपूर्वीचा इसीजी होता, त्यावरची शाई उडून गेली होती. सर म्हणाले, “यांना औषध कशावर द्यायचं, सांगा.”

मेचा पूर्ण महिना मी फक्त वाचन केलं. ते करायलाच हवं होतं, कारण ट्रस्टच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो हाच: “म्हणजे आपल्या सगळ्या पेशंटांची माहिती दिल्लीला द्यायची?” उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते का नाही हे समजावून सांगता आलं पाहिजे.

नीती आयोगाने जुलै २०१८मध्ये नॅशनल हेल्थ स्टॅकची, म्हणजे आरोग्यसेवेसाठी देशभर सामायिक डिजिटल व्यवस्थेची कल्पना मांडली. पुढे जे. सत्यनारायण यांच्या समितीने २०१९मध्ये तिचा आराखडा, म्हणजे नॅशनल डिजिटल हेल्थ ब्लूप्रिंट तयार केला. त्यावर आधारलेली ही योजना १५ ऑगस्ट २०२०ला जाहीर झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चालवून पाहिली आणि २७ सप्टेंबर २०२१ला देशभर नेली. फेब्रुवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. ब्लूप्रिंट मी दोनदा वाचला. त्यातला कळीचा निर्णय असा, की पेशंटचे कागद जिथे तयार झाले तिथेच राहतील. मध्ये तीन गोष्टी सामायिक असतील: माणसाची ओळख म्हणजे आभा क्रमांक, डॉक्टरांची नोंदवही आणि दवाखान्यांची नोंदवही. त्याशिवाय एक संमती सांभाळणारा गेटवे. हा गेटवे निरोप पोहोचवतो, कागद उघडत नाही आणि साठवतही नाही.

बैठकीत मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. मिरजेच्या डॉक्टरांना कागद हवेत. त्यांची मागणी गेटवेकडे जाते, गेटवे पेशंटच्या मोबाइलवर विचारतो. पेशंट हो म्हणाला की एक संमतिपत्र तयार होतं. कोणते कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, कशासाठी आणि कधी पुसून टाकायचे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते पत्र आमच्याकडे आलं की आम्ही कागद कुलूपबंद करून थेट मिरजेला पाठवायचे. इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडची माहिती एका ठिकाणी गोळा करायचा केअर डॉट डेटा नावाचा प्रकल्प होता, लोकांचा विश्वास उडाला आणि तो २०१६मध्ये बंद करावा लागला. तेही सांगितलं. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, “म्हणजे कपाट आपलंच, किल्ली पेशंटची.” मला त्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

मध्यवर्ती साठा न ठेवण्याचा हा निर्णय मला मनापासून पटतो. पण कपाट आपलं म्हटल्यावर ते चोवीस तास उघडता आलं पाहिजे, ही जबाबदारीही आपलीच. त्याचं वजन मला पावसाळ्यात कळलं.

जूनमध्ये कागदपत्रं केली. रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत आणि डॉक्टरांची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत. रुग्णालयासाठी पत्ता, नकाशावरची जागा, खाटा, सेवा आणि इमारतीचा व फलकाचा फोटो लागतो. आमच्या फलकावर ट्रस्टचं जुनं नाव होतं आणि अर्जात नवं. अर्ज परत आला. पेंटर बोलावला, १,८०० रुपये, दोन दिवस. अर्ज भरायच्या आधी फलक, नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन यांवरची नावं शेजारी शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. डॉक्टरांचंही तेच. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमची मेडिकल कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. त्यांना विवाह प्रमाणपत्र शोधून काढावं लागलं. सहापैकी पाच डॉक्टरांची नोंद जूनअखेर झाली, मॅडमची २१ जुलैला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सँडबॉक्ससाठी अर्ज केला. सँडबॉक्स म्हणजे सरावाचं मैदान, तिथे खऱ्या पेशंटची माहिती वापरायची नसते. नऊ दिवसांनी क्लायंट आयडी, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमची ओळख, आणि गुप्त किल्ली मेलवर आली. इथून पुढे तीन टप्पे. पहिला, आभा क्रमांक काढून देणं आणि तपासणं. दुसरा, आपल्याकडचे कागद पेशंटच्या आभाशी जोडून मागणी आल्यावर देणं. तिसरा, दुसऱ्यांकडचे कागद संमती घेऊन मागवणं. पहिला टप्पा दोन आठवड्यांत उरकला. आधारचा ओटीपी, चौदा आकडी क्रमांक, छापलेलं कार्ड. तो सोपा गेला म्हणून बाकीच्यांनाही तेवढेच दिवस लागतील असा हिशेब मी ट्रस्टला दिला आणि तो चुकला. तुम्ही हिशेब देताना दुसऱ्या टप्प्याला पहिल्याच्या पाचपट वेळ धरा.

दुसऱ्या टप्प्यात आधी एक सवय मोडावी लागली. आपण निरोप पाठवला की गेटवेकडून २०२ असं उत्तर येतं. ही नुसती पोचपावती, काम झाल्याची खबर नव्हे. खरं उत्तर नंतर, गेटवे स्वतः आपल्या पत्त्यावर आणून देतो. म्हणजे आपला पत्ता बाहेरून कायम दिसणारा, कुलूपबंद जोडणीचा हवा. आमचा सर्व्हर एक्स-रेशेजारच्या खोलीत. ऑगस्टमध्ये एका रात्री पावसात वीज गेली, यूपीएस चाळीस मिनिटांत संपला आणि सकाळी पाहिलं तर रात्रीचे सगळे निरोप बंद दारावर थडकून परत गेले होते.

तेव्हा रचना बदलली. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, महिना ३,२०० रुपये. तो फक्त दारवान. निरोप घेतो, रांगेत ठेवतो आणि रुग्णालयाचा सर्व्हर जागा झाला की देतो. पेशंटचे कागद त्याच्यावर ठेवायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच लिहून भिंतीला चिकटवलं. रुग्णालयात दुसरी इंटरनेट लाइन घेतली, महिना ९०० रुपये. लहान रुग्णालयांनी ही विभागणी पहिल्यापासूनच करावी.

याच काळात दोन दिवस एका क्षुल्लक गोष्टीत गेले. पाठवलेला प्रत्येक निरोप नाकारला जात होता. आमच्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेचं आणि निरोपावर वेळ लिहायची ती जागतिक प्रमाणवेळेत. म्हणजे आमचं प्रत्येक पत्र साडेपाच तास भविष्यातून येत होतं. किल्ल्या आणि सह्या तपासायच्या आधी घड्याळ तपासा.

आता खरी अडचण. पेशंट मोबाइलवरच्या ॲपमध्ये आमच्या रुग्णालयाचं नाव निवडतो आणि “माझे कागद शोधा” म्हणतो. तेव्हा आमच्याकडे काय येतं? नाव, लिंग, जन्मवर्ष आणि पडताळलेला मोबाइल क्रमांक. एवढ्यावरून आमच्या ६१,००० नोंदींतला नेमका तोच माणूस काढायचा.

कागदावर सोपं वाटतं. पण आमच्या नोंदी मराठीत, आडनाव आधी. आधारवरून आलेलं नाव इंग्रजीत, आडनाव शेवटी. ‘विठ्ठल’मध्ये टी एक की दोन, हे घरातल्या दोन माणसांच्या कार्डांवरही वेगळं. आमच्याकडे ‘शांताबाई’, आधारवर नुसतं ‘शांता’. लग्नानंतर नाव बदललेल्या निम्म्या बायका आमच्याकडे दोनदा नोंदलेल्या. म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख सरसकट एक जानेवारी, वर्ष अंदाजाने. आणि मोबाइल? सासू, सून, दोन नातवंडं, सगळ्यांचा मिळून एकच, तो घरातल्या कर्त्या मुलाचा.

सप्टेंबरमध्ये मी नावांचे उच्चार जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि चाचणीत त्याने एका घरातल्या दोन जावा एकच ठरवल्या. दोघींचं नाव सुनीता-सुजाता असं जवळचं, वय एका वर्षाच्या फरकाचं, मोबाइल एकच. चाचणी होती म्हणून ठीक. खरं असतं तर एकीच्या प्रसूतीचे कागद दुसरीच्या हातात गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. सॉफ्टवेअरची चूक मी याआधीही केलेली आहे, पण ही चूक कुणाच्या तरी घरात जाऊन पोचली असती.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणी खिडकीवर जाऊन बसले. तिथल्या ताई सतरा वर्षं त्या खुर्चीवर आहेत. समोर एक आजी आल्या, केसपेपर हरवलेला. ताईंनी नाव विचारलं, मग गाव, मग म्हणाल्या, “वरच्या आळीतल्या का? धाकट्या लेकाकडं राहता की थोरल्या?” आणि दहा सेकंदांत नंबर काढला. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. एका नावाची दोन माणसं सापडली की त्या तिथे लिहून ठेवतात: गाव, आळी, नवऱ्याचं नाव, ‘उंच’, ‘चष्मा’. माझ्या प्रोग्रॅमकडे यातलं काहीच नव्हतं, आणि गेटवेकडून येणाऱ्या निरोपात गावाचा रकानाच नाही.

ताईंनी विचारलं, “मॅडम, ते माणूस समोर असतानाच का जोडत नाही? घरी गेल्यावर कशाला शोधत बसायचं?”

तसं करायची सोय होतीच. रुग्णालयाने स्वतःहून जोडायचा एक वेगळा मार्ग नियमावलीत आहे, मी तो नंतरसाठी म्हणून बाजूला ठेवला होता. पेशंट खिडकीवरचा क्यूआर कोड आपल्या मोबाइलने स्कॅन करतो, त्याची ओळख आमच्या पडद्यावर येते, रांगेचा टोकन मिळतो आणि ताई डोळ्यांसमोरच्या माणसाशी नोंद ताडून पाहतात. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचं छापील कार्ड आम्ही स्कॅन करतो. आम्ही हाच मुख्य रस्ता ठरवला. घरून शोधणाऱ्यांसाठी नियम कडक केला: मोबाइल जुळला पाहिजे, लिंग जुळलं पाहिजे, जन्मवर्षात दोनपेक्षा जास्त फरक नको, नाव जवळचं हवं, आणि एवढं करून दोन माणसं उरली तर ‘सापडलं नाही’ असंच उत्तर द्यायचं. स्वतःचे कागद न दिसणं हा त्रास आहे. दुसऱ्याचे दिसणं हा अपराध आहे. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी दरवेळी पहिलं निवडेन.

संमतीचा प्रश्नही खिडकीवरच उभा राहिला. आजींचा ओटीपी पुण्याला मुलाच्या मोबाइलवर जातो. ताई फोन लावतात, मुलगा सहा आकडे सांगतो, काम होतं. पण यात आजींना कुणी विचारलंच नाही. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला होता, ट्रस्टचे वकीलही बारकाईने विचारू लागले होते. आम्ही मराठीत सहा ओळींचा मजकूर केला. ताई तो आधी आजींना वाचून दाखवतात आणि त्यांनी हो म्हटलं तरच मुलाला फोन. ‘आभा ऐच्छिक आहे, ती नसली तरी उपचार मिळतात’ ही पाटी खिडकीवर ठळक लावली. साधारण पाचातला एक जण नको म्हणतो. चालतं.

ऑक्टोबर कागदांच्या मांडणीत गेला. कागद पाठवायचे ते फायर नावाच्या मानकात, म्हणजे आरोग्याच्या नोंदी कुठल्याही यंत्राला वाचता याव्यात म्हणून ठरवलेल्या मांडणीत. त्याचे भारतीय नमुने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानक संसाधन केंद्र तयार करतं आणि ते सगळे खुले आहेत. एक कागद म्हणजे एक गठ्ठा. सगळ्यात वर अनुक्रमणिका, मग पेशंट, डॉक्टर, भेट, औषधं. आजारांचे कोड स्नोमेड सीटी या कोडसंचातले, तपासण्यांचे लॉइंकमधले. प्रकार दोनचा मधुमेह म्हणजे ४४०५४००६, हिमोग्लोबिन म्हणजे ७१८-७. स्नोमेड भारतात वापरायला पैसे पडत नाहीत, कारण देश २०१४पासून ते चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे.

सर औषध लिहितात ते ‘१-०-१ जेवणानंतर’. फार्मसीतल्या मुलालाही ते कळतं. यंत्राला सांगायचं तर ‘दर एका दिवसात दोन वेळा’ असं, शिवाय जेवणाची खूण वेगळी. ‘०-०-अर्धी’ आणि ‘सोम-बुध-शुक्र’सुद्धा बसवावं लागलं. मी सहाशे जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांतल्या लिहिण्याच्या एकतीस तऱ्हा सापडल्या. सल्ला एवढाच, की पहिल्या दिवशी सगळं कोडांत बसवायचा हट्ट करू नका. डिस्चार्ज कार्डाची पीडीएफ गठ्ठ्यात घालून पाठवता येते. आम्ही आधी तेच केलं, मग औषधं, मग लॅब. एक्स-रेचे अहवाल अजून पीडीएफच आहेत.

नोव्हेंबर कुलपाचा. कागद पाठवणारा आणि घेणारा दोघंही तात्पुरत्या किल्ल्यांची जोडी करतात, उघड किल्ल्यांची अदलाबदल करतात आणि दोघांकडे एकच गुपित तयार होतं, त्याने कागद बंद होतो. आमचा प्रोग्रॅम पायथनमधला. या किल्ल्या ज्या गणिती वक्ररेषेवरून काढायच्या ती नियमावलीत कर्व्ह२५५१९ अशी लिहिलीय, पायथनमध्ये त्याच वक्ररेषेवरचं एक्स२५५१९ तयार मिळतं, मी ते वापरलं. समोरच्या बाजूला कागद उघडेना. दिवाळीचे चार दिवस फराळाचं ताट शेजारी ठेवून मी तेच तपासत होते. उलगडा किल्लीच्या लांबीने झाला. नमुन्यातली उघड किल्ली ६५ बाइटची, माझी ३२ची. नमुन्याचा प्रोग्रॅम जावा या भाषेतल्या बाउन्सी कॅसल नावाच्या तयार कुलूप-किल्ली संचावर आधारलेला आहे आणि तिथे तीच वक्ररेषा वेगळ्या रूपात, वाइयरस्ट्रास समीकरणात मांडलेली असते. गणित तेच, आकडे वेगळे. शेवटी कुलूप लावण्यापुरता फिडेलियस हा तयार जावा प्रोग्रॅम वापरला. आणखी एक खाचखळगा: दोन्ही बाजूंचे ३२ बाइटचे यादृच्छिक आकडे एकमेकांत एक्सऑर करायचे, म्हणजे बिटला बिट लावून मिसळायचे, त्यातले पहिले २० बाइट एका कामाला आणि शेवटचे १२ दुसऱ्या. इथे एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी काय चुकलं ते सांगणारा संदेश कुठलाच येत नाही, कागद नुसता उघडत नाही.

तिसरा टप्पा, म्हणजे दुसऱ्यांचे कागद मागवणं, त्यानंतर अडीच आठवड्यांत झाला.

डिसेंबरमध्ये सुरक्षा तपासणी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्याच संस्थेकडून करून घ्यावी लागते. तीन ठिकाणी दर मागवले, ५५,०००वर ठरलं, जीएसटी धरून ६४,९००, त्यात एक फेरतपासणी. त्यांनी अकरा दोष काढले. दोन गंभीर होते: ओटीपी कितीही वेळा मागता येत होता, आणि पत्त्याच्या ओळीतला क्रमांक बदलला की लॉगिन केलेल्याला दुसऱ्या पेशंटचा अहवाल दिसत होता. दुसरा दोष २०१६पासून तिथे होता, माझ्याच हातचा. आभाचं काम निघालं नसतं तर तो तसाच राहिला असता. दुरुस्ती, फेरतपासणी आणि प्रमाणपत्र मिळून २३ दिवस. दर ठरवताना फेरतपासणी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

जानेवारीत कार्यात्मक चाचणी झाली. पडदा दाखवत एकेक प्रसंग करून दाखवायचा असतो. संमती मागे घेतली तर काय होतं, मुदत संपली तर काय होतं, हे हमखास करून घेतात, तेव्हा तेवढ्याची तालीम आधी करा. प्रत्यक्ष वापराच्या किल्ल्या १४ फेब्रुवारी २०२४ला आल्या.

तेव्हा डिजिटल व्यवहारांसाठी प्रोत्साहन योजना होती. दहा किंवा जास्त खाटांच्या रुग्णालयाला ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या प्रत्येक व्यवहाराला २० रुपये मिळत. मी विश्वस्तांना सांगितलं, की ते पैसे धरून खर्च मंजूर करू नका. आमची ओपीडी पाहता मर्यादा गाठायलाच वेळ लागेल.

१९ मार्चला, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी, पहिली खरी मागणी आली. मधुमेहाचे एक काका, बासष्ट वर्षांचे, मिरजेला एका रुग्णालयात दाखवायला गेले होते. त्यांनी तिथेच बसून मोबाइलवर संमती दिली. दोन वर्षांची औषधं, शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि लॅबचे अहवाल नऊ सेकंदांत पोचले. तिथल्या डॉक्टरांनी सरांना फोन केला आणि थेट काकांच्या क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या आकड्यावर, बोलायला लागले. कागद मिळाले का, हे सरांना विचारावंही लागलं नाही.

आता काम उरलंय ते दुबार नोंदींचं. प्रोग्रॅमने १,४८० संशयित जोड्या काढून दिल्या आहेत, पण एकत्र करायचं बटण आम्ही फक्त ताईंना दिलंय. दुपारी तीननंतर गर्दी ओसरली की त्या वही उघडतात आणि रोज दहा जोड्या तपासतात, कुणाच्या घरी फोन लावून, कुणाला पुढच्या खेपेला थांबवून. काल १,२१० उरल्या होत्या.